पिवळा दिवा आणि घाटातला व्यापार

कापडाचा धंदा गादीवर बसून होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी भोर-वेल्हे भागातल्या फिरत्या व्यापाऱ्याचा पावसाळा एकदा पाहावा. पुण्याहून माल भरायचा आणि सातारा रस्त्याला लागायचे. चेलाडी फाट्याला वळले की नसरापूर, विंझर करीत वेल्हे. कापूरहोळला वळले की भोर. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे, पण नाव बदलले म्हणून रस्त्याची वळणे कमी झालेली नाहीत. पाबे घाट आहे, मांढरदेवीचा घाट आहे आणि भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट तर दरडींमुळे कित्येक पावसाळ्यांत वाहतुकीला बंद ठेवावा लागला आहे. भातलावणीच्या दिवसांत शेतातून निघालेला ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चिखलाचे पट्टे ओढून जातो. अशा रस्त्यावर मागच्या सीटवर गठ्ठे आणि टपावर ताडपत्री बांधून आपला व्यापारी गणपतीच्या खरेदीचा माल पोचवीत असतो.

एखाद्या दिवशी काट्यांच्या फलकावर एक पिवळा दिवा लागतो. छोट्या मोटारीचे चित्र आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. गाडी चालते, ब्रेक लागतो, काही बिघडल्यासारखे वाटत नाही. मग आपल्यातले काहीजण घाबरून गॅरेजवाला सांगेल ती रक्कम मोजतात, आणि बाकीचे "चालतेय ना, चालू द्या" म्हणून सहा महिने तसेच फिरतात. आमच्या मते दोन्ही रीती तोट्याच्या आहेत. पहिलीत पैसा जातो, दुसरीत जीव जाऊ शकतो. हा दिवा काय सांगतो, घरच्या घरी काय तपासता येते आणि कुठे थांबावे, एवढे प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत असलेच पाहिजे.

ही यंत्रणा करते काय?

या यंत्रणेची नावे कंपनीगणिक वेगळी. मारुतीच्या गाड्यांत इएसपी, ह्युंदाई-कियात इएससी, टोयोटात व्हीएससी. काम मात्र एकच, गाडी घसरू लागली की तिला सावरणे. प्रत्येक चाकापाशी त्याची गती मोजणारा एक सेन्सर असतो. स्टेअरिंग किती फिरवले हे दुसरा सेन्सर सांगतो. गाडी प्रत्यक्षात किती वळली आणि बाजूला किती ढकलली गेली हे आणखी एक सांगतो. चालकाला जायचे आहे एकीकडे आणि गाडी चालली आहे दुसरीकडे, असे दिसताच यंत्रणा एकाच चाकाला क्षणभर ब्रेक लावते, इंजिनाची ताकदही कमी करते. गाडीचे तोंड पुन्हा सरळ होते. माणसाला चारही चाकांचे ब्रेक एकदमच दाबता येतात, एका चाकाचा वेगळा ब्रेक दाबणे त्याच्या हातचे नाही. यंत्रणेचे खरे मोल तेच.

१९९५ साली जर्मनीत मर्सिडीज-बेंझने बॉश कंपनीच्या साहाय्याने ही यंत्रणा प्रथम आपल्या महागड्या गाडीत बसवली. तेव्हा ती श्रीमंतांचा शौक मानली जाई. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, स्वीडनमधील एका मोटार मासिकाच्या चाचणीत त्याच कंपनीची छोटी ए-क्लास गाडी उलटली. रस्त्यात अचानक जनावर आले तर स्टेअरिंग कसे झटकन फिरवावे लागते, त्याची ती चाचणी होती. कंपनीला गाड्यांची विक्री थांबवावी लागली आणि पुढे प्रत्येक ए-क्लासमध्ये ही यंत्रणा बसवून द्यावी लागली. मोठ्यांच्या गाडीतली वस्तू छोट्यांच्या गाडीत आली ती अशी. पुढे अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात असे आढळले, की एकट्याच गाडीला होणाऱ्या प्राणघातक अपघातांचा धोका या यंत्रणेमुळे जवळपास निम्म्याने घटतो.

आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून बहुतेक सर्व नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था, सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही सुरक्षेचे तारे देणारी योजना सुरू झाली, आणि तिच्यात तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर गाडीत स्थिरता यंत्रणा असावीच लागते. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टच्या सर्व प्रकारांत ती आहे. त्याच वर्षी अल्टो के-१० सारख्या लहान गाडीतही ती आली. सारांश, हा पिवळा दिवा आता लहान दुकानदाराच्या अंगणात येऊन पोचला आहे.

दिव्याची भाषा

चावी फिरवली की हा दिवा काही सेकंद लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. तो ठीक असल्याचा इशारा. चिखलात किंवा ओल्या वळणावर तो भराभर लुकलुकला, तर यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे असे समजावे. तो बिघाड नव्हे. चालकाने एवढेच समजून घ्यावे की वेग जास्त झाला आहे, आणि पाय हलका करावा.

चित्राखाली "ऑफ" असे अक्षर असेल तर बहुधा कुणाचा तरी हात बटणाला लागून यंत्रणा बंद झाली आहे. बटण पुन्हा दाबले की झाले. हे बटण निरुपयोगी मात्र नाही. चाक चिखलात रुतून जागीच फिरत असेल, तर यंत्रणा इंजिनाची ताकद कापते आणि गाडी बाहेरच निघत नाही. अशा वेळी ती थोडा वेळ बंद करावी, गाडी बाहेर काढावी आणि लगेच चालू करावी.

दिवा विझतच नाही, तेव्हा खरा मामला सुरू होतो. हा एकटाच दिवा स्थिर असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात. सावकाश घरी जाता येते. पण चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून काही क्षण ब्रेक धरून ठेवणारी सोय याच यंत्रणेवर चालते, हे लक्षात ठेवावे. दिवा लागला की ती सोय बहुधा बंद होते. भरलेली गाडी चढावर उभी करून पुन्हा काढताना हँडब्रेकचाच आधार घ्यावा. सोबत एबीएसचाही दिवा लागला असेल तर ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यास चाके जाम होऊन गाडी सरकेल, म्हणून अंतर दुप्पट ठेवावे. आणि या दोघांबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी पुढे नेऊ नये. आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का ते पाहावे. सुटलेला असूनही लाल दिवा जात नसेल तर ब्रेक ऑइल कमी झालेले किंवा ब्रेकमध्येच दोष असू शकतो. घाट उतरण्याची हिंमत तेव्हा कुणी करू नये. टोचन करून गाडी नेण्याचा खर्च मालापेक्षा आणि माणसापेक्षा नेहमीच कमी असतो.

घरच्या घरी तपास

तपासाचा क्रम फुकटच्या गोष्टींपासून महागाच्या गोष्टींकडे जावा. व्यापारात आपण असेच करतो.

पहिले, गाडी सपाट जागी उभी करून बंद करावी, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावी. क्षणिक गोंधळ असेल तर दिवा जातो. गेला तरी तारीख आणि जागा वहीत लिहून ठेवावी. पुन्हा लागला तर कारागिराला ती नोंद उपयोगी पडते.

दुसरे, टायर. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर बहुधा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात. एका टायरमध्ये हवा खूप कमी असेल, एकच टायर नवा आणि बाकीचे झिजलेले असतील, किंवा पंक्चरनंतर लहान मापाची स्टेपनी लावलेली असेल, तर ते चाक इतरांपेक्षा वेगळ्या गतीने फिरते. यंत्रणेला वाटते की चाक घसरते आहे. चारही टायरांचे माप कडेवर छापलेले असते, ते जुळवून पाहावे.

तिसरे, बॅटरी. अशक्त बॅटरीमुळे अशा यंत्रणा फार लवकर गोंधळतात. काही शेकड्यांत मिळणाऱ्या मल्टीमीटरने रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजावी. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२ च्या खाली म्हणजे दम संपलेली. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करावी.

चौथे, स्टेअरिंग. नुकतीच बॅटरी काढली-बसवली असेल तर स्टेअरिंगचा सेन्सर "सरळ" कशाला म्हणायचे ते विसरलेला असतो. पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून मग थोडे अंतर सरळ चालवले की दिवा विझतो. काहींत हे काम स्कॅनरनेच होते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते. ती पुस्तिका दुकानाच्या कागदांत टाकून न देता गाडीतच ठेवावी. व्हील अलाइनमेंट केल्यानंतर दिवा लागला असेल तर ज्याने काम केले त्याच्याकडेच परत जावे.

पाचवे, ब्रेकचे मागचे लाल दिवे. संध्याकाळी गाडी दुकानाच्या शटरकडे पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून आरशात पाहावे. शटरवर लाल उजेड पडला नाही, किंवा पाय काढल्यावरही राहिला, तर पायाखालचा ब्रेकचा स्विच बिघडलेला असू शकतो. स्वस्त भाग आहे, पण तो बिघडला की पुष्कळ गाड्यांत हाच पिवळा दिवा लागतो.

सहावे, ब्रेक ऑइल. बॉनेटखालच्या डबीवर कमी-जास्तीच्या खुणा असतात. पातळी खाली गेली असेल तर नुसते भरून गप्प बसू नये. ब्रेकचे पॅड झिजले आहेत किंवा कुठे गळती आहे, असा त्याचा अर्थ. झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच आणि सीलबंद बाटलीतलेच ऑइल वापरावे. उघडून ठेवलेले ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते.

सातवे, फ्यूज. पुस्तिकेत नकाशा असतो. गाडी बंद करून एबीएसचा फ्यूज पाहावा. जळालेला असेल तर त्याच आकड्याचा बसवावा. तोही लगेच जळाला तर आत शॉर्ट आहे, तिसरा बसवू नये आणि तारेचा तुकडा तर मुळीच नाही.

आठवे, चाकांचे सेन्सर. आपल्या भागातल्या पावसाळ्यात आमचा पहिला संशय यांच्यावर असतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांच्या आत टॉर्च मारावी. सेन्सरची बारीक वायर क्लिपमधून निसटून घासते आहे का, तिच्यावर वाळलेल्या चिखलाचा गोळा लोंबतो आहे का, उंदराने कुरतडली आहे का, ते पाहावे. भाताच्या कोठाराजवळ गाडी उभी करणाऱ्यांनी उंदराकडे विशेष लक्ष द्यावे. चिखल साध्या पाण्याच्या हलक्या धारेने आणि फडक्याने काढावा. चाक काढायचे असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कुणी जाऊ नये.

इथे घरचा तपास संपतो. यातून दिवा गेला नाही तर पुढचे काम स्कॅनरचे.

एका बिलाची गोष्ट

आमच्याच गाडीत एका पावसाळ्यात हा दिवा लागला. एका गॅरेजवाल्याने चाक न पाहता, स्कॅनर न लावता, "कंट्रोल युनिट गेले" असे सांगून पस्तीस हजारांचा आकडा तोंडावर फेकला. कापडाचा ताका उलगडून पाहिल्याशिवाय आम्ही भाव करीत नाही, मग इथे का करावा? दुसऱ्या एका तरुण कारागिराकडे गेलो. त्याने आधी कोड वाचला, तो मागच्या डाव्या चाकाचा निघाला. चाक काढले तर सेन्सरची वायर कुरतडलेली. सेन्सर वायरसकट बदलला, मजुरीसह अडीच हजारांच्या आत काम झाले. महाग भाग कधीच बिघडत नाही असे आम्ही म्हणत नाही. कोड न वाचता दिलेला भाव हा अंदाज असतो, आणि अंदाजाचे पैसे देऊ नयेत, इतकेच आमचे म्हणणे आहे.

कोडची थोडी ओळख असावी. सर्वसाधारण पद्धतीत सी-००३५ म्हणजे पुढचे डावे चाक, ००४० पुढचे उजवे, ००४५ मागचे डावे आणि ००५० मागचे उजवे. पुष्कळ कंपन्या आपले स्वतःचे कोडही वापरतात. बाजारात मिळणारे स्वस्त, मोबाइलला जोडायचे यंत्र बहुधा इंजिनाचेच कोड वाचते, एबीएसचे नाही. विकत घेण्यापूर्वी ते विचारून घ्यावे. आणि कोड पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. कोडचा फोटो काढून ठेवल्याशिवाय कुणाला पुसू देऊ नये.

जुनी गाडी घेताना

आपल्यातले बहुतेक लहान व्यापारी जुनी गाडी घेतात. त्यांच्यासाठी ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दिवा लागलेला दिसत नाही म्हणून समाधान मानू नये. चावी फिरवताच तो काही सेकंद लागतो का, हे पाहावे. यंत्रणा असलेल्या गाडीत तो लागतच नसेल, तर कुणीतरी तो बंद करून किंवा झाकून ठेवला असण्याची शंका घ्यावी. खोट दाखवून माल विकणे हा आपल्या बाजारातला जुना इमानाचा रिवाज आहे. दिवा झाकून गाडी विकणारा हा फाटका ताका आतल्या घडीत दडवणाऱ्यासारखाच, आणि इथे फसलेल्याचे नुकसान नुसते पैशाचे नसते. सौदा ठरवण्यापूर्वी दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून पाहावी आणि एबीएस वाचणाऱ्या स्कॅनरने तपासणी करून घ्यावी.

कारागीर बंधूंसाठी दोन शब्द

आपल्या समाजातले अनेक हात गॅरेजमध्ये आणि ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात आहेत. कार्बोरेटर साफ करण्याचे कसब ज्यांनी वडिलांकडून घेतले, त्यांच्या मुलांसमोर आता सेन्सर आहेत. एकच उदाहरण देतो. आजच्या कित्येक गाड्यांत चाकाच्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाचे कडे असते, सेन्सर त्यावरून गती वाचतो. बेअरिंग उलटे बसले, किंवा कडे नसलेले नकली बेअरिंग बसवले, तर चाक सुरळीत फिरते पण दिवा विझत नाही. गिऱ्हाईक नवा सेन्सर घेतो, मग नवे युनिट घेतो, आणि दोष मात्र बेअरिंगमध्येच असतो. बसवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना लोखंडाची बारीक टाचणी लावून पाहिली तर कड्याची बाजू ओळखता येते. तसेच, नव्या पद्धतीच्या सेन्सरची ओहममध्ये तपासणी करू नये, त्याने चांगला सेन्सर खराब होऊ शकतो.

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. घरचे कसब आणि हे शिक्षण एकत्र आले, तर स्कॅनरच्या कामासाठी भोर-वेल्ह्याच्या गिऱ्हाइकाला पुण्याला जावे लागणार नाही. दोन-चार कारागिरांनी मिळून एक चांगला स्कॅनर घेतला तरी चालेल. कापडाच्या धंद्यात भागीने मागवलेला माल आपल्याला नवा नाही.

एवढी एहतियात हवी

दिव्याची वायर तोडू नये, त्यावर चिकटपट्टी लावू नये. इंजिनाच्या खोलीत किंवा सेन्सरवर जोराच्या फवाऱ्याने पाणी मारू नये. एबीएसच्या युनिटचे पाइप घरी सैल करू नयेत. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्यापूर्वी कंपनीच्या केंद्रात दाखवावी.

आणि यंत्रणा धडधाकट असली तरी तिच्या भरवशावर वेग वाढवू नये. ती घसरलेल्या गाडीला सावरते, पण झिजलेल्या टायरला पकड देऊ शकत नाही. टपावर जड गठ्ठे रचले की गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती लवकर कलते. जड माल खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून, हलका माल वर, हा नियम घाटात कधी मोडू नये.

पिवळा दिवा स्थिर असताना सपाट रस्त्याने, रिकाम्या गाडीने, दिवसाउजेडी कारागिरापर्यंत जावे. माल भरून पावसात घाटाला लागू नये. एक बाजार चुकला तर पुढच्या आठवड्याला दुसरा भरतो, आणि साडीचे गिऱ्हाईक आठ दिवस थांबते.